साक्षात्कार त्यांचा, घर तिचं

सायकेडेलिक अध्यात्मावर तासभर बोलणाऱ्यांना हक्सली, लीअरी, गिन्सबर्ग तोंडपाठ असतात. त्यांना मारिया साबिनाबद्दल विचारून बघा.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात हुआउत्ला दे हिमेनेस हे डोंगरातलं गाव. तिथली ही माझातेक वैदू. अक्षरओळख नाही. कुणी आजारी पडलं की घरची माणसं रात्री तिच्याकडे यायची. दिवे मालवायचे, अळंबी जोडीजोडीनं खायची, मग पहाटेपर्यंत तिचं गाणं. कशासाठी? माणूस बरा व्हावा म्हणून. देव बघायची हौस तिथे कुणालाच नव्हती.

1955 साली आला गॉर्डन वॅसन, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. त्यालाही अळंबी द्यावी म्हणून गावच्या अधिकाऱ्यानं तिच्याकडे शब्द टाकला. अधिकाऱ्याला नाही कोण म्हणणार?

मे 1957 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात वॅसनचा सचित्र लेख आला. बाईचं नाव बदललं होतं.

चेहरा मात्र छापला.

मधल्या वर्षी, 1956 साली, वॅसन पुन्हा गेला. त्या मोहिमेत सीआयएचा पैसा होता आणि त्यांचा रसायनतज्ज्ञही. मनाच्या मुक्तीची वाट हेरखात्याच्या तिजोरीतून जात होती, हे किती भक्तांना माहीत आहे?

1958 साली सँडोझ कंपनीच्या आल्बर्ट हॉफमननं त्या अळंबीतून सायलोसायबिन हे द्रव्य वेगळं काढलं. चार वर्षांनी तो हुआउत्लाला गेला आणि सायलोसायबिनच्या गोळ्या तिलाच दिल्या. तिनं त्या घेतल्या, रात्रभर गायली, आणि अळंबीचीच शक्ती यात आहे असा निर्वाळा दिला. परीक्षक ती, मालक सँडोझ कंपनी!

मग हिप्पींची रीघ लागली. कुठल्याही वेळी, कुणीही आजारी नसताना, नुसतं ‘देव दाखव’ म्हणत. मागोमाग पोलीस आले, पुढे लष्करानं रस्ता अडवला. गावानं बोल लावला तो तिलाच. तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून अळंबीतली शक्तीच गेली, असं ती उतारवयात सांगायची. 1985 मध्ये ती गरिबीतच वारली.

चेतनेच्या विस्तारावर कपाटं भरतील इतकी पुस्तकं निघाली. त्या विस्तारात यजमानीण का मावली नाही?

आता नैराश्यावरचा उपाय म्हणून सायलोसायबिनच्या चाचण्या चालू आहेत. रुग्ण बरे होत असतील तर आनंदच आहे. अळंबी होती त्यासाठीच. पण कंपन्या पेटंटही घेताहेत. माझातेकांचा वाटा किती, तो आधी त्या कागदावर लिहा.