अंगी न लागणारा

बिडकीनमध्ये गेल्या काही वर्षांत सगळ्याच गोष्टींचं वजन वाढलं. संभाजीनगर-पैठण रस्त्यावरच्या ट्रकांचं वाढलं, जमिनीच्या भावाचं वाढलं, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी इथलं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केल्यावर गावाच्या नावाचंही वाढलं. मागे राहिला तो एकटा काडीपैलवान. हा प्रत्येक गल्लीत एक तरी असतो. वय विशीच्या अलीकडे-पलीकडे, उंची पाच फूट सात इंच, वजन पन्नास किलो, तेही खिशात मोबाइल आणि गाडीची चावी असेल तर. भर उन्हाळ्यात तो शर्टाखाली दोन बनियन घालतो. घड्याळाच्या पट्ट्याला कंपनीने दिलेली भोकं त्याला पुरत नाहीत, म्हणून खिळा तापवून त्याने एक जादा भोक पाडलेलं असतं. फोटोच्या वेळी दंड बरगडीला दाबून धरतो, म्हणजे तो थोडा तरी पसरतो. आजी त्याला पाप्याचं पितर म्हणते, मित्र नुसतं ‘काडी’ म्हणतात आणि दारात आलेला पाव्हणा चप्पल काढायच्या आधी विचारतो, “काय राव, लईच बारीक होऊ राहिला?” या सगळ्यांसाठी त्याचं एकच उत्तर पाठ असतं: “खातो हो लई, पण अंगी लागत नाही.”

हे वाक्य तो इतक्या निरागसपणे म्हणतो की त्याची उलटतपासणी करणं निर्दयपणाचं वाटतं. पण त्याच्याच भल्यासाठी ती करायला हवी. त्याच्याकडे पुरावे भक्कम असतात. मामाच्या लग्नात किती जिलब्या उडवल्या, नाथषष्ठीला पैठणला किती पंगतींना बसला, संभाजीनगरात नान-खलियाच्या किती वाट्या पुसून काढल्या, हे सगळं त्याला तारीखवार आठवतं आणि साक्षीदारही हजर करता येतात. अडचण एवढीच, की यातला एकही दिवस मंगळवार नसतो. साध्या मंगळवारी हा माणूस सकाळी चहात दोन खाऱ्या बुडवतो, कारण कंपनीची बस निघालेली असते. दुपारी डब्यातल्या दोन भाकरींपैकी दीड खातो आणि अर्धी परत आणतो. संध्याकाळी पुन्हा चहा घेतो, त्याने भूक मरते, आणि रात्री ताटावर बसून ‘आज काही मन नाही’ असं आईला सांगतो. रात्रपाळी असली तर यातलंही एक जेवण झोपेत जातं. तो खोटं बोलत नाही. जेवलेल्या पंगती लक्षात राहतात आणि न जेवलेली जेवणं विसरली जातात, एवढंच. शरीर मात्र पंगतींची आठवण ठेवत नाही. ते आठवड्याची बेरीज करतं आणि त्या बेरजेत रविवारच्या मटणाला सहा कोरड्या दिवसांनी भागलेलं असतं.

यावर त्याचा आक्षेप असा, की आमच्या घराण्यातच हाड बारीक आहे, आजोबाही असेच होते. या आक्षेपाला हसून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १,६२२ निरोगी पण बारीक माणसांची जनुकं तपासली. बारीकपणातही अनुवंशाचा वाटा आहे असंच त्यातून दिसलं. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हीन यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाची चरबी सव्वाचार किलोच्या घरात वाढली, तर कोणाची जेमतेम ३६० ग्रॅम. ज्यांची फारशी वाढली नाही त्यांनी जादा ऊर्जा व्यायामाने जाळली नव्हती. उठबस, चुळबुळ, बसल्या जागी हातपाय हलवणं यांतच ती बरीचशी गेली होती. आमच्या काडीपैलवानाला चहाच्या टपरीवर पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. त्याचा उजवा पाय असा हलत असतो की त्याच बाकावर बसलेल्याच्या कपातला चहा सांडतो. पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही पाहायला हवी: सोळापैकी एकाचीही वाढ शून्य नव्हती. म्हणजे वारशाने त्याच्या वाट्याला उतारा कमी आला हे खरं, नापिकी आली हे खरं नाही. त्याला इतरांपेक्षा थोडं जास्त आणि बरंच नियमित खावं लागेल. मात्र चांगलं खाऊनही वजन उतरत चाललं असेल, तर मामला वेगळा. थायरॉइड, क्षय किंवा मधुमेह त्यामागे असू शकतो, आणि अशा वेळी जिमच्या आधी दवाखान्याची पायरी चढावी.

पण त्याला नियमितपणापेक्षा पराक्रम आवडतो. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तो खडबडून जागा होतो. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटरला तो वाऱ्यासारखा सुटतो. तिथे त्याला तोड नाही. पुढे ७.२६० किलोचा गोळा हातात येतो, आणि कोण कोणाला फेकणार याबद्दल बघणाऱ्यांच्या मनात क्षणभर शंका निर्माण होते. त्या संध्याकाळी तो जिमची फी भरतो. तिथे रोज फक्त दंडाचा व्यायाम करतो, कारण शर्टातून दिसतो तो दंडच. मांड्या, पाठ, छाती या मोठ्या स्नायूंशी त्याचा परिचय होत नाही. चौथ्या दिवशी तो मास गेनरचा बादलीएवढा डबा आणतो. त्यात बहुतेक साखरेच्याच जातीची पिठं असतात, पण डब्यावरच्या पैलवानाचे दंड पाहता तशी शंका घेणं अपमानाचं वाटतं. महिना झाला आणि काटा हलला नाही, की कोणीतरी त्याला ‘वजन वाढायच्या गोळ्या’ सुचवतं. अशा गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चेहरा गोल होतो, घरचे खूश होतात. पण ती गोलाई सुजेची असते, आणि त्यामागून रक्तातली साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं ओळीने येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या घेणं म्हणजे उधारीवर गाल आणणं.

इथे दुसरा आक्षेप येतो: ‘साहेब, चांगला खुराक परवडतो कोणाला?’ आक्षेप ऐकायला वजनदार आहे, फक्त डबा विकत घेतल्यावर तो करू नये. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, एक केळं आणि पेलाभर म्हशीचं दूध एवढ्यात पाचशेच्या आसपास कॅलरी होतात, आणि सावकाश वजन वाढवायला रोजच्या जेवणावर तीनशे ते पाचशेच हव्या असतात. प्रथिनांचं म्हणाल, तर स्नायू वाढवायला किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम पुरतात. पन्नास किलोच्या माणसाला ऐंशी. दोन-तीन अंडी, मटकीची उसळ, दाट वरण, वाटीभर दही आणि ते शेंगदाणे, एवढ्यावर हा आकडा बराचसा गाठता येतो. बिडकीनच्या बाजारात यातलं काहीही दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते हेच सगळं उद्याही खाणं.

‘मग वडापाव, भजी, मिसळ यांनीही कॅलरी मिळतातच की,’ असं एखादा चतुर काडीपैलवान म्हणेल. मिळतात, पण त्या जातात कुठे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःला उदाहरण करून दाखवलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार ही आपल्याकडची खास ठेवण आहे, आणि मधुमेह तिच्यावर टपून असतो. व्यायामाशिवाय भजी खाणाऱ्या काडीपैलवानाचे हातपाय तसेच राहतात, मध्ये फक्त पोट येतं. म्हणून खाणं आणि वजन उचलणं यांची फारकत करून भागत नाही. आठवड्यातून तीन दिवस बैठका, जोर, ओढण्याचे आणि उचलण्याचे व्यायाम करावेत, आणि भार हळूहळू वाढवत न्यावा, म्हणजे खाल्लेल्याचा स्नायू होतो.

राहता राहिला उत्साह. तो मिळवण्यासाठी आमचा नायक रात्री एक वाजेपर्यंत ‘पहाटे पाचला उठा’ असं सांगणाऱ्या रील्स बघतो आणि सकाळी नऊला उठतो. त्याचा समज असा, की आधी जोश चढतो आणि मग काम होतं. पण काम होतं ते सवयीने, आणि सवयीला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अभ्यासातल्या अंदाजाने तब्बल २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात गेलं असं मानून पुढचे तीन महिने सुट्टी घेतली जाते. मुळात वजन वाढवणं हे कारकुनी काम आहे. रोज ठरल्या वेळी ठरलेली नोंद, त्यात टाळ्या नाहीत आणि पार्श्वसंगीत तर नाहीच. त्याला दिवाळीपर्यंत पंचाहत्तर किलो व्हायचं असतं, म्हणून दसऱ्याला तो खचतो. हिशेब मात्र दिलासा देणारा आहे. त्याच्या उंचीला ‘कमी वजना’च्या रेषेबाहेर, म्हणजे १८.५ बीएमआयच्या वर, यायला सुमारे साडेत्रेपन्न किलो पुरतात. लागतात ते साडेतीनच किलो, आणि आठवड्याला पाव किलोच्या गतीने चौदा आठवडे. दिवसातून चार वेळा काट्यावर चढणाऱ्याला त्यात फक्त प्यायलेलं पाणी दिसतं. आठवड्यातून एकदा चढणाऱ्याला वाढ दिसते.

शेवटचा आक्षेप सर्वांत सभ्य आहे: बिचारा बारीक आहे तर राहू द्या की, गावाला काय करायचंय? अगदी बरोबर. १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात लढले होते. वजन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याला याहून मोठी साक्ष नको. म्हणूनच काडीपैलवानाने पाव्हण्यांच्या समाधानासाठी एक ग्रॅमही वाढू नये. वाढायचं तर गोळा एक फूट पुढे पडावा म्हणून, धान्याचं पोतं कोणाला हाक न मारता उचलता यावं म्हणून वाढावं. पाव्हण्यांचं समाधान होण्यातलं नाही. साडेतीन किलोंपर्यंत त्यांना फरक दिसणार नाही, आणि पुढे कधी दहा किलो वाढलेच, तर तेच पाव्हणे चप्पल काढायच्या आधी म्हणतील, “काय राव, लईच सुटू राहिला, जरा कमी खा!”