उघडे गुडघे, नेमकी गोळी
स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या बंडखोरांनी १७४६ साली कलोडनच्या लढाईत सपाटून मार खाल्ला. सरकारने त्यांची हत्यारं तर काढून घेतलीच, वर किल्टवरही, म्हणजे पुरुषांच्या चौकड्याच्या घागऱ्यावरही, बंदी घातली. सूट होती ती पलटणीतल्या शिपायांना. म्हणजे राजाची बंदूक खांद्यावर घेतली, की तेच उघडे गुडघे एकदम राजनिष्ठ! ही बंदी उठली १७८२ साली.

पुढे खुद्द लंडनमध्ये किल्टची हौस सुरू झाली. १८५९ मध्ये लंडन स्कॉटिश ही स्वयंसेवकांची पलटण निघाली. तिचे प्रमुख लॉर्ड एल्को. त्यांनी रंगीबेरंगी चौकडा टाळून मातकट करडा रंग निवडला. शिकारी सावजाला दिसू नये, हा हिशेब. (गुडघे दिसले तरी चालतील.) हेच गृहस्थ ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या उभारणीतही पुढे.

या संघटनेची पहिली स्पर्धा १८६० साली विम्बल्डनच्या माळावर भरली. पहिला बार व्हिक्टोरिया राणीचा. व्हिटवर्थ रायफल घोडीवर घट्ट बसवून, नेम आधीच धरून ठेवलेला. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी चकतीच्या जवळपास मध्यात!

तेव्हा नवशिक्यांनो, घाबरू नका. नेमबाजीची सुरुवात सोपी असते. आधी राणी व्हावं लागतं, इतकंच.