एटीएम हेच महाबळेश्वर

मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४५च्या आसपास रेंगाळतो, तेव्हा गरीब विद्यार्थ्याने जावे कुठे, ही ओरड निराधार आहे. रिझर्व्ह बँकेने त्याची चोख सोय केली आहे. बचत खातेदाराला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर दरमहा पाच व्यवहार फुकट, महानगराबाहेर परक्या बँकांच्या एटीएमवर आणखी पाच. म्हणजे दहा वातानुकूलित सहली, तेही चिखलदऱ्याचे एसटीभाडे न भरता. मुंबईकराला परक्या एटीएमवर तीनच मिळतात. पण त्याला समुद्र आहे, त्याने रडू नये.

खात्यात पैसेच नसतील तर तिथे करायचे काय, असे शंकेखोर विचारतील. शिल्लक तपासायची. नियमात तोही व्यवहारच धरलेला आहे, आणि शिल्लक जितकी कमी तितकी खात्री करून घेण्याची निकड मोठी. अकराव्या गारव्याला २३ रुपयांपर्यंत शुल्क पडू शकते (कर वेगळा), हा आक्षेप मान्य. पण थंड हवेच्या ठिकाणी प्रवेशकर कुठे चुकतो? विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की आत शिरल्यावर दार घट्ट लावावे. बाहेर उन्हात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराला उगाच फुकटच्या गारव्याची सवय लागायची.