टपरीवरचे मॅनेजर

मार्चअखेर भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी टपाटप पडतात: पहाटे मोहफुलं आणि संध्याकाळी आयपीएलच्या विकेटा. मोह वेचायला आई जाते. विकेटांचा हिशेब साकोलीच्या पानटपरीवर बसलेले आमचे मॅनेजर ठेवतात.

बसल्या जागी संघ चालवायचा हा आजार अमेरिकेत जुना आहे. हॅल रिचमननं १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आणला. खेळाडूंची कार्डं मांडा, फासे टाका आणि बेसबॉलचा अख्खा हंगाम जेवणाच्या टेबलावर खेळा. आपल्याकडे फाशांऐवजी मोबाइलवरचं फँटसी क्रिकेट. ११ खेळाडू, १०० क्रेडिट, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. घरात ज्याला भाजी कोणती हेही कोणी विचारत नाही, तो इथे कोहलीला बाकावर बसवतो!

तीन सामने झाले की निदान ठरलेलं: “संघात दम नाही गा, कॅप्टनच बदला.” अहो, धानाच्या पऱ्ह्यांनाही आपण तीन आठवडे देतो, मग रोवणी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. आता हरले तरी खिसा शाबूत, जिंकले तरी रिकामाच. पण बैठक काही उठली नाही. बिनपगारी पदाचा रुबाब आपल्याकडे सोसायटीच्या संचालकासकट कोणालाच सोडवत नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन येतो. “काऊन रे, लाइन आली, मोटर चालू करतो का नाही?”

“टॉस होऊ द्या, बाबा.”