परळची पहिली स्मॉल प्लेट

लोअर परळ आणि महालक्ष्मी या भागांत गेल्या दहा-बारा वर्षांत ‘मॉडर्न इंडियन’ म्हणून ओळखली जाणारी जी उपाहारगृहे उभी राहिली, त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे की तेथे भूक लागलेली असणे ही प्रवेशाची अट नाही. उलट भुकेल्या माणसाची तेथे अडचणच होते, कारण पदार्थ समोर येणे आणि तो खाण्याची मुभा मिळणे या दोन घटनांच्या मध्ये त्या पदार्थाचे चरित्र ऐकून घ्यावे लागते. या चरित्रात भाताचे गाव, मधाचे जंगल, मातीच्या भांड्याचा कुंभार आणि शेफची आजी एवढी पात्रे सहसा असतात. शेफ म्हणजे मुख्य आचारी. फरक इतकाच की आचाऱ्याला पंगत उठल्यावर बोलावून शाबासकी दिली जाई, तर शेफ ती टेबलाटेबलांवर येऊन स्वतःच गोळा करतो.

‘मॉडर्न इंडियन’ म्हणजे प्रादेशिक भारतीय पदार्थ पाश्चात्त्य पाकतंत्राने करून, एकामागून एक, भल्यामोठ्या ताटलीच्या मध्यभागी मांडण्याची रीत. न्यूयॉर्कमध्ये ‘तब्ला’ हे उपाहारगृह नावारूपाला आणणारे मूळचे मुंबईकर शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये कमला मिलच्या आवारात ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू केले. पुढच्याच वर्षी महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिलमध्ये दुसऱ्या मंडळींचे ‘मास्क’ उघडले, ज्याने ‘टेस्टिंग मेन्यू’ ही पद्धत मुंबईत रुजवली. टेस्टिंग मेन्यू म्हणजे पाहुण्याने काय खायचे हे स्वयंपाकघराने ठरवायचे आणि पाहुण्याने त्याबद्दल कृतज्ञ राहायचे. परळच्या खाणावळींत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती, फक्त तेथे तिला ‘आज जे केलंय ते’ असे म्हणत.

या ठिकाणचे अन्न वाईट असते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ज्या नाचणीच्या भाकरीवरून आणि बोंबलाच्या वासावरून डबा झाकून खाण्याची वेळ येत असे, त्यांना पांढऱ्या ताटलीत मानाने बसवण्याचे श्रेय या शेफमंडळींनाच द्यावे लागेल. प्रश्न चवीचा नसून चवीभोवतीच्या समारंभाचा आहे. लालबागच्या मिरची गल्लीशेजारी जन्म गेलेल्या माणसालाही तेथे भाजलेल्या मसाल्याचा गंध म्हणजे काय, हे इंग्रजीतून आणि अत्यंत सौम्य आवाजात समजावून सांगितले जाते, आणि तोही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावतो.

या पद्धतीतील दुसरी महत्त्वाची संज्ञा ‘स्मॉल प्लेट’ ही होय. चार जणांच्या टेबलावर तीन वड्या आणून ठेवायच्या आणि त्या वाटून खाव्यात असे सुचवायचे, अशी तिची स्थूल व्याख्या करता येईल. ही संकल्पना परदेशातून आली असे मानले जाते. परंतु परळमधील पहिली स्मॉल प्लेट कोणत्याही शेफने वाढलेली नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने, ज्यांच्या आवारांत पुढे ही उपाहारगृहे थाटली गेली त्या गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवून दिले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याचीच व्हावी असे ठरले. गिरणीच्या जमिनीवर बहुतांशी गिरणीच उभी असते, हे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्यांना असावे असे मानण्यास जागा आहे. परिणामी पालिका आणि म्हाडा यांच्या पुढ्यात जे आले ते आकाराने, मांडणीने आणि त्यासोबतच्या लांबलचक स्पष्टीकरणाने पुढील काळातील स्मॉल प्लेटशी तंतोतंत जुळते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि मुख्य जेवण आत, मालकाच्या वाट्याच्या जागेत सुरू झाले.

त्या जागेत पूर्वी काम करणाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था कशी होती, हे सांगितल्याशिवाय हा अभ्यास अपुरा राहील. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार गावाकडे कुटुंब ठेवून चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहत आणि शेजारच्या खोलीतली एखादी बाई त्यांना दोन वेळचे रांधून घाली, हीच खाणावळ. तिचे अर्थशास्त्र सरळ होते: महिनाभर आधी जेवायचे आणि पगार झाल्यावर पैसे चुकते करायचे. वाणसामानाला लागणारे भांडवल मात्र त्या बाईलाच उभे करावे लागे आणि त्यासाठी सावकाराचे जबर व्याज भरावे लागे. या बायकांना एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पगाराची तारीखच उरली नाही. उधारीवर जेवणारा माणूस पळून जाणार नाही, या एका गृहीतावर गिरणगावाचे सगळे पोट चालले होते. संपाने माणसांची नियत बदलली नाही, त्यांचे खिसे तेवढे रिकामे केले.

आज त्याच आवारात गृहीत बरोबर उलटे झाले आहे. टेबल राखून ठेवताना अनेक ठिकाणी कार्डाचा तपशील किंवा आगाऊ रक्कम मागितली जाते आणि पाहुणा न आल्यास ती परत मिळेलच असे नाही. जेवणाआधी पैसे घेण्याची ही दक्षता खाणावळवालीला जमली असती, तर तिला बँकेची गरज पडली नसती.

सजावटीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. गिलावा काढून उघड्या केलेल्या विटा, छताला लटकणारे पत्र्याचे नळकांडे आणि लोखंडी खांब यांतून गिरणीचा आभास राखला जातो. जेथे मूळ भिंत पाडली गेली आहे तेथे नवी भिंत जुनी करून बांधतात. चिमणीच्या धुराची उणीव कोरड्या बर्फाने भरून काढली जाते. कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, जो उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास थेट वायू होतो आणि त्या भरात हवेतील बाष्पाचे पांढरे धुके करतो. चवीत त्याची भर शून्य असली तरी छायाचित्रात ती पुष्कळ असते. अनोळखी माणसांना एकाच लांब टेबलावर बसवण्याच्या पद्धतीला ‘कम्युनल टेबल’ म्हणतात व ती माणसे जोडण्याची कल्पना म्हणून गौरवली जाते. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये किंवा ‘आस्वाद’मध्ये शनिवारी सकाळी गेलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केलेला आहे, आणि समोरच्याचा साबुदाणावडा कधी संपतो याकडे डोळे लावून उभ्या असलेल्या चौघांमुळे तो पुरेसा उत्कटही झालेला आहे. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमध्ये जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा किताब मिळाला, तरीही तेथील वाढपी मिसळीचे चरित्र सांगत नाही, कारण मागची रांग त्याला तेवढा वेळ देत नाही.

राहता राहिले बिल. त्यावरील पाच टक्के जीएसटी हा सरकारी कर असून तो द्यावाच लागतो. त्याच्या शेजारी, जणू सख्ख्या भावासारखे, बहुधा दहा टक्क्यांचे जे सेवाशुल्क बसलेले असते त्याचा सरकारशी काहीही संबंध नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून ते परस्पर बिलात लावण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवली. सेवाशुल्क देणे न देणे हे पाहुण्याच्या मर्जीवर आहे. नको असल्यास ते काढून नवे बिल मागावे, आणि ते मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.