दिरहमचा शेवटचा भाव

भाच्याने दुबईहून व्हिसा आणि तिकिटं पाठवली आणि पेणजवळच्या कासू गावात आमच्या तब्येतीपेक्षा आमच्या पैशांची चौकशी जास्त सुरू झाली. ‘दिरहम घेतले का?’ हा प्रश्न मला दूधवाल्यानेही विचारला. शेजारचे नाना म्हणाले, “लांब कशाला जाताय? पेनला सगलं मिलतं.”

नानांची पेणवर अढळ श्रद्धा आहे, आणि तिला थोडाफार आधारही आहे. पेणचे गणपती अमेरिकेला जातात, पेणचे पापड कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून लंडनला पोचतात. एवढा माल बाहेर जातो, तर बदल्यात थोडं परदेशी चलन पेणमध्ये आलंच असणार, हा त्यांचा हिशोब अर्थशास्त्राला धरून होता. पेणच्या बँकेतल्या तरुणाला मात्र तो पटला नाही. ‘दिरहम’ हा शब्द ऐकून त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे आणि शेवटी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. साहेब आतूनच म्हणाले, “मागवायला लागतील. त्यापेक्षा पनवेलला बघा ना.”

आता खरं तर हा आमच्या भागाचा अपमान आहे. कासू स्टेशनवर पनवेलच्या उलट दिशेच्या गाडीत बसलं की नागोठणे, निडी आणि मग रोहा. त्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचं. 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला चव्वेचाळीस देशांची माणसं जमली आणि युद्धानंतर कोणाचं चलन कोणाशी कसं बांधायचं ते ठरलं, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात हे आमचे देशमुख होते. म्हणजे डॉलरला गादीवर बसवताना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा माणूस हजर होता, आणि आज त्याच जिल्ह्यात दिरहमसाठी आम्ही मेमूची वाट बघत उभे. हे मी प्लॅटफॉर्मवर हिला सांगितलं. ही म्हणाली, “त्यांनी रोह्याला एक काउंटर काढून ठेवायला काय हरकत होती?”

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट मी गाडीत सांगितली. हमरापूर ते आपटा हा श्रोता कुठे पळू शकत नाही. एके काळी दुबईत भारताचाच रुपया चालायचा. आखातातली बरीच देवघेव आपल्या नोटांवर. पण त्या रुपयांनी सोनं घेऊन ते चोरून इकडे आणण्याचा धंदा इतका वाढला, की 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्याच नोटा छापल्या. रंग निराळा, नंबराआधी ‘झेड’. दहाची नोट लाल. मग जून 1966 मध्ये आपल्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, साडेसात रुपयांना डॉलर झाला, आणि दुबईने आपल्या रुपयाला रामराम ठोकला. दिरहम आला तो 1973 मध्ये.

“म्हणजे सासरे गेले असते तर पैसे बदलायला लागले नसते?”

“नसते.”

“मग तेव्हा का नाही गेले?”

या प्रश्नाचं उत्तर रिझर्व्ह बँकेकडेही नसावं. तेव्हा आमच्या घरातून सर्वांत लांबचा प्रवास अलिबागच्या कोर्टापर्यंत व्हायचा, तोही बांधाच्या भांडणापायी.

पनवेलच्या दुकानात काचेमागे दिव्यांची पाटी होती. देशांचे झेंडे आणि प्रत्येकापुढे दोन आकडे. ते घेतात तो एक भाव, ते देतात तो दुसरा, आणि मोबाईलवर दिसतो तो तिसराच, जो जगात कोणालाही मिळत नाही. मुलाने पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन असं सगळं मागून घेतलं आणि ए-टू नावाचा फॉर्म पुढे सरकवला. प्रवासाचं कारण लिहायचं होतं. मी ‘भाच्याचा आग्रह’ लिहिणार होतो, त्याने ‘पर्यटन’वर खूण करायला लावली. पन्नास हजारांपर्यंत रोख चालतं, पुढे चेक किंवा खात्यातून, हेही त्याने पाठ म्हणून दाखवलं. खिशात 8 डॉलर घेऊन विलायतेला गेलेल्या जुन्या पिढीच्या मानाने हा छळ काहीच नाही.

मी सही करणार एवढ्यात ही पुढे झाली. पेणच्या बाजारात वालाच्या शेंगांच्या ढिगापुढे ती ज्या पवित्र्यात उभी राहते, तोच पवित्रा.

“दादा, शेवटचा भाव काय?”

मी हळूच म्हटलं, “अगं, हे आंतरराष्ट्रीय असतं. वरून ठरतं.”

“वरून ठरतं तर दोन आकडे कशाला लावलेत?”

मुलाने कॅल्क्युलेटर काढला. दहा पैसे कमी केले. हिने पर्स बंद केली. आणखी पाच पैसे कमी झाले. ही दाराकडे वळली तेव्हा आतून मालक आले आणि म्हणाले, “काकू, बसा ना.” जिनिव्हात काय चालतं मला माहीत नाही, पण पनवेलमध्ये रुपया माझ्या डोळ्यांदेखत मजबूत झाला. वर प्लास्टिकचं पाकीट फुकट.

पावतीवर मात्र तिचं काही चाललं नाही. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लावतात. “पैसे विकत घेतले म्हणून कर? खाल्ले का आम्ही ते?” मुलगा कसनुसा हसला. दिल्लीचं त्यालाही कमी करता येत नव्हतं.

दुबईत भाच्याने आम्हाला पाकिटाला हात लावू दिला नाही. सगळं फोनवर. हिने एका पाण्याच्या बाटलीचे पैसे हट्टाने दिले, तेवढीच आमची उलाढाल. परतलो तेव्हा वालाच्या शेंगांच्या पोपटीचे दिवस होते आणि नाना दारात हजर. त्यांच्या जावयाचं दुबईला जायचं ठरत होतं.

“उरले असतील ना? मला द्या. पनवेलचा फेरा वाचेल.”

मी त्यांना फेमा कायदा समजावला. चलनाचा व्यवहार अधिकृत माणसाशीच करायचा. नोटा 180 दिवसांत परत द्यायच्या, 2000 डॉलरच्या किमतीपर्यंतच्या जवळ ठेवता येतात आणि नाण्यांना तर मर्यादाच नाही. नानांनी एक दिरहमचं नाणं उचललं, त्यावरची कॉफीची सुरई निरखली आणि म्हणाले, “ही चायची किटली तरी द्या. पैसे नको घेऊ, तर शेंगा घ्या बदल्यात.”

मी कायद्यात शेंगा कुठे बसतात याचा विचार करत होतो. आतून ही विचारत होती, “शेंगा तुमच्या शेतातल्या, की बाजारच्या?”