एक टीबीचा फेरफार

परभणीत घरच्या संगणकाचा सी ड्राइव्ह लाल होतो, तो काही अभ्यासाने नव्हे. लग्नांचे व्हिडिओ, शुभ सकाळची चित्रे आणि एकाच सातबाऱ्याच्या ढीगभर पीडीएफ!

मग 256 जीबीची एसएसडी निघते, 1 टीबीची बसते. विंडोज दाखवते 931. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. मापात पाप कुणाचेच नाही. गिऱ्हाइकाचेच 69 कमी.

त्यात जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, तर सी ड्राइव्ह 238 च्या आतच अडतो. बाकी जागा ‘अनअलोकेटेड’, म्हणजे शेत घेतले पण फेरफार राहिला. मध्ये रिकव्हरी पार्टिशन भावकीसारखे बांधावर बसलेले. ते सरकवल्याशिवाय ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ उजळत नाही.

जुनी एसएसडी केसमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवतात. बॅकअपचा मुहूर्त मात्र दिवाळीनंतरचा.